आईची ओळ

आमच्या दुकानात कॉम्प्युटर चार आणि अक्कल एकालाच. तो एक मालकाच्या गल्ल्याजवळ असतो, त्याला आम्ही मेन म्हणतो. बाकीचे तिघं सकाळी चालू झाले की आधी मेनला विचारतात, बाप्पा, आज अक्षर कोणतं वापरू, समास किती सोडू, गणपती कुठे बसवू. मेन सांगेल तसं मग ते दिवसभर वागतात. याला कॉमन सेटिंग म्हणतात. बुलढाण्यात लग्नपत्रिका छापणारे पुष्कळ आहेत, पण कॉमन सेटिंगचा गर्व आमच्या मालकाइतका कोणाला नसेल. गिऱ्हाइकाला बसायला सांगायच्या आधी तो हीच गोष्ट सांगतो. "आपल्याइथं एका घरात एकच चूल," म्हणतो. त्याच्या स्वतःच्या घरात तीन चुली आहेत, दोन्ही सुना वेगळ्या राहतात, पण ते त्याला कोण सांगणार!

पहिले असं नव्हतं. ज्याची त्याची सेटिंग ज्याच्या त्याच्या मशीनवर. मी माझ्या अक्षरात पत्रिका बनवायची आणि मागच्या छपाईच्या मशीनवर ती उघडली की नवरदेवाच्या नावाच्या जागी नुसते चौकोन दिसायचे. एकदा तसंच छापून गेलं. सीझन होता, कोणी पाहिलं नाही. नवरदेवाचा मामा गठ्ठा घेऊन आला आणि काउंटरवर आपटून म्हणाला, "काऊन बे, आमचा भाचा डब्बा हाये का?" आम्ही सगळे पोट धरून हसलो. शेवटी मामाही हसला. मालक मात्र हसला नाही, कारण फुकट परत छापून द्यायचं म्हटलं की त्याच्या जिवावर येतं. त्यानं लगेच अकोल्याहून एक माणूस बोलावला आणि त्या माणसानं सगळ्यांची सेटिंग मेनमध्ये नेऊन ठेवली.

ती सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. मालकाची दोन्ही पोरं कॉम्प्युटरवर क्रिकेट बघण्यापलीकडे काही करत नाहीत, म्हणून आलं, माझ्यावर कोणाची मेहरबानी नव्हती. माझ्या नावानं एक लॉगिन झालं. पासवर्ड मी माझ्या पोरीचं पाळण्यातलं नाव ठेवलं. तो टाकला की माझ्या खुर्चीवरूनही मेनची सेटिंग बदलता यायची आणि मी केलेला बदल दुकानातल्या सगळ्या मशीनवर लागू व्हायचा. बदल कोणी केला आणि किती वाजता केला, हेही खाली बारीक अक्षरात आपोआप उमटायचं. मालकाला ते फार आवडायचं. "चोर घरातल्या घरात सापडते," म्हणायचा आणि माझ्याकडे बघून हसायचा.

हसू दे. मला त्या लॉगिनचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू. माझं सासर घाटाखाली, रोहिणखेडच्या पुढे. नवरा गेला तेव्हा पोरगी बोलायलाही शिकली नव्हती. तेरावं झालं, पाहुणे पांगले आणि सासरच्यांनी मला असं काही वागवायला सुरुवात केली की ढोरालाही कोणी वागवत नाही. मी पोरीला कडेवर घेतलं, एसटीत बसले आणि घाट चढून बुलढाण्याला आले. टायपिंग शिकले, मग कॉम्प्युटर शिकले. तेव्हापासून याच दुकानात याच खुर्चीवर बसून लोकांची लग्नं लावते आहे. धाकट्या दिरानं इतक्या वर्षांत घाटाखालून तुरीची एक पोतडी वर पाठवली नाही. सणाला फोन यायचा, तोही पोरगी जिवंत आहे का ते विचारायला असावा.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले, ती सांगते. आमच्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये पत्रिकेच्या फाइलीत नुसता मजकूर राहतो. कोणती ओळ दाखवायची आणि कोणती लपवायची, कोण वर आणि कोण खाली, हे सेटिंग ठरवते. तिथं एक टिकमार्क आहे, 'वधूचे वडील हयात नाहीत'. तो टिक केला की नवरीच्या बापाच्या नावामागं कै. लागतं, आईची ओळ गुप्त होते आणि चुलत्याची ओळ आपोआप वर सरकून 'विनीत' म्हणून बसते. हा नियम मालकानं करायला लावला होता. म्हणजे बाई असते, तिनं पोरगी वाढवलेली असते, तिचं नाव मी फाइलीत टाइपही केलेलं असतं, पण पत्रिकेत ती नसते. नवऱ्याच्या मागोमाग तीही गेली म्हणायची. फक्त कै. लावायचं बाकी.

एकदा काउंटरवर अशीच एक बाई दिरासोबत आली होती. दीर पत्रिकांचे नमुने बघत होता, ती मागं उभी होती. माझ्या पडद्याकडे बोट करून तिनं हळूच विचारलं, "ताई, माह्यं नाव कुठं येईन वं?" मी काही बोलायच्या आत दीर म्हणाला, "तुह्यं नाव वर भगवंताच्या वहीत येईन, आता गप राह्य." दुकानातले सगळे हसले. ती बाईही हसली. मला ते तिचं हसणं सहन झालं नाही.

ते गेल्यावर मी मालकाला म्हटलं, हा नियम काढा, ज्याची पत्रिका त्यालाच विचारू. मालक म्हणाला, "विचारलं का भांडण लागते, बाई. घाटाखालचा एक म्हणन टाका, दुसरा म्हणन काढा, अन् मह्या काउंटरवर पंचायत बसन." मी म्हटलं, बसू द्या. बसलेल्या गिऱ्हाइकांकडे बघून त्यानं आवाज चढवला, "तुमच्या मताची पत्रिका छापाची असन तं तुमच्या पोरीच्या लग्नात छापा! तिथं आपण नाही बोलणार. मंग तं झालं?" पुन्हा सगळे हसले. काउंटरसमोर बसलेल्या माणसांना दुसऱ्याची खोड मोडलेली बघायला फार आवडतं.

मी म्हटलं, "ठीक आहे. ठरलं." त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच होतं. माझ्या पोरीच्या पत्रिकेत आईची ओळ वरच राहील आणि खाली विनीत म्हणून माझं नाव असेल. मला दागिने नको होते, मान-पान नको होता. मांडवात कोपऱ्यात बसवा म्हटलं असतं तर बसले असते. ती एक ओळ मात्र मला पाहिजे होती.

पोरीचं जमलं. मुलगा चांगला, घर भरलेलं, चिखलीकडचे लोक. बातमी घाटाखाली पोहोचली आणि ज्या दिरानं कधी उंबरा ओलांडला नव्हता, तो पांढरे कपडे घालून घरी हजर झाला. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात. इथं व्याह्यानं काही धाडलं नव्हतं, घोडं आपल्या पायानंच चालत आलं होतं. पाणी प्याला, घराकडे नजर फिरवली, पंख्याकडे बघितलं, फ्रीजकडे बघितलं.

"वयनी, पत्रिकेत विनीत म्हणून माह्यं नाव टाका. बाकी तुमचं तुम्ही पाह्या."

"विनीत मी आहे, भाऊजी."

"बाईमाणसाचं नाव वर? अन् तेही..." तो थांबला.

"तेही काय?"

"तुमाले समजते."

"नाही समजत. सांगा."

त्यानं पेल्यातलं उरलेलं पाणी पिऊन टाकलं. "लोकं पत्रिका देवाजवळ ठेवतात, वयनी," तो म्हणाला. त्याचा आवाजही चढला नाही.

माझ्या अंगाचा भडका झाला. मी म्हटलं, "माझ्या हातच्या पत्रिका आजवर किती देवांजवळ गेल्या असतील, कोणत्या देवाला बाधल्या ते दाखवा." तो उठला. उंबऱ्यापाशी जाऊन म्हणाला, "मंग मांडवात आमच्यातलं एकही माणूस दिसणार नाही. काकाशिवाय पोट्टी उजवा. आम्हालेही पाहाचं हाये, कोण येते." पोरगी खाली बसून मेथी निवडत होती. तिनं वर बघितलं नाही, एवढंच म्हणाली, "काका, चहा घेऊन जा ना." तो थांबला, चहा प्याला, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेला. मला वाटलं, पोरगी मोठी समजदार झाली, घरचं भांडण रस्त्यावर जाऊ दिलं नाही. तो समजदारपणा कोणत्या जातीचा होता ते मला पुढे कळलं.

पत्रिका मी स्वतः बनवली. नेहमीचं सगळं घेतलं, वर गणपती, कुलदैवत, बाजूला आंब्याचं तोरण, खाली बारक्या पोरांची ती 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' वाली ओळ. आधी माझ्या मशीनपुरती सेटिंग बदलून बघितली आणि आईची ओळ पडद्यावर आली. बापाचं कै. सहित नाव, शेजारी माझं श्रीमती. खाली विनीत, आणि तिथं पुन्हा मी. दिराचं नाव मी काढलं नव्हतं हो, इतकी काही नीच नाही. स्वागतोत्सुक म्हणून सगळ्या नातेवाइकांच्या रांगेत होतंच.

पोरगी दुपारी माझा डबा घेऊन यायची. सीझनमध्ये माझ्या शेजारी बसून नावं टाइप करायला मदतही करायची, त्यामुळे दुकानातलं तिला सगळं माहीत होतं. मी तिला प्रूफ दाखवलं. तिनं वरपासून खालपर्यंत वाचलं, जिथं माझं नाव होतं तिथं थोडी थांबली आणि म्हणाली, "छान आहे." मी म्हटलं, "फक्त छान?" ती म्हणाली, "खूप छान आहे, आई."

आता माझ्या पडद्यावर दिसतं म्हणून पत्रिकेत छापलं जात नाही, हे माझ्याशिवाय कोणाला जास्त माहीत असणार? मागचं मशीन फक्त मेनचं ऐकतं. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मालक देवपूजेत असतानाच मी पासवर्ड टाकला आणि मेनमधला तो नियमच उलटा केला. वडील हयात नसले तरी आईची ओळ दिसेल, आणि विनीत तीच राहील. सगळ्या दुकानात, सगळ्या मशीनवर. जतन करा दाबलं. मस्त वाटलं. छपाई होईपर्यंत असंच राहू द्यायचं, मग मालक बोंबलला तर बोंबलू दे, असा माझा हिशेब होता. पत्रिका छपाईच्या रांगेत लावली. पुढे आणखी काही कामं होती, म्हणजे आमचा नंबर दुपारनंतर येणार होता. मी जेवणाच्या सुट्टीत पोरीच्या ब्लाऊजचं कापड टेलरकडे टाकायला गेले. ती डबा घेऊन आली होती, तिला म्हटलं, बस जरा माझ्या खुर्चीवर, कोणी आलं तर थांबवून ठेव.

संध्याकाळी निघताना गठ्ठा तयार होता, कागदात बांधलेला. तो मी दुकानात उघडला नाही. घरी देवापुढे उघडायचा असं ठरवलं होतं.

पहिली पत्रिका देवाला. तिच्या चार कोपऱ्यांना हळद-कुंकू लावतात, आणि ते काम सवाष्णीचं. मी शेजारच्या ताईंना बोलावलं होतं. आता तेवढ्यावर मी भांडत नाही, एका वेळेस एकच लढाई. ताईंनी कुंकवात बोट बुडवलं, पत्रिका हातात घेतली आणि विचारलं, "विनीत तुमचे दीर का हो?"

मी पत्रिका ओढून घेतली. कै. नवऱ्याचं नाव. शेजारी काही नाही, आणि जागा रिकामीही नाही. दोन्ही बाजूंनी सारखी जागा सोडून, नेटकी मध्यावर बसलेली ओळ. सेटिंग तेवढं काम फार चांगलं करते, कोणी काढलं हे कळूसुद्धा देत नाही. खाली विनीत, दीर. मी दुसरी काढली, तिसरी काढली, गठ्ठ्याच्या तळातली काढली. सगळ्या सारख्याच असणार हे मला नाही तर कोणाला माहीत! पोरगी स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. मी ओरडले, "त्या हलकट मालकानं काढलं माझं नाव!" ती बाहेर आली, पत्रिकेकडे बघितलं आणि म्हणाली, "जाऊ दे ना, आई." मला वाटलं, माझं मन राखायला म्हणते आहे.

सकाळी मी दुकानात शिरले ती पदर खोचूनच. मालकाला काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. त्याच्या सुनांपासून सुरुवात केली आणि त्याच्या बापापर्यंत गेले. गिऱ्हाईक जमलेलं होतं आणि सगळे खूश होते. मालक मात्र माझ्याहून तापलेला. त्याच्या काउंटरवर दुसराच एक गठ्ठा पडला होता आणि देऊळघाटकडचा एक माणूस त्याच्यावर हात आपटत होता. "आम्ही सांगतलं व्हतं का हिचं नाव टाका म्हून? विनीत मी! अन् छापलं हिचं!" त्याच्या मागं पायरीवर एक बाई उभी होती.

यांचा प्रकार मला तिथंच कळला. काल सकाळी मी नियम उलटा केला होता, तेव्हा रांगेत आमच्या पुढे यांची पत्रिका होती. यांच्या नवरीच्या आईची ओळ आली. माझीच राहिली.

मालकानं माझ्या तोंडापुढे बोट नाचवलं. "तुम्ही मले शिव्या देता? चोराच्या उलट्या बोंबा! सकाळी सेटिंग बदलली कोणं? तुम्ही. दुपारी परत फिरवली कोणं? तुम्हीच. अन् आता काऊन नाव नाही म्हून बोंबलून राह्यल्या? डोकं ठिकाणावर हाये का बाई?"

"दुपारी मी काही केलं नाही."

"नाही केलं? या. पाह्या." त्यानं मेनचा पडदा माझ्याकडे फिरवला. दोन बदल होते. सकाळचा माझ्या नावानं. दुपारचा, जेवणाच्या सुट्टीतला, तोही माझ्याच नावानं. आणि जेवणाच्या सुट्टीत मी टेलरकडे ब्लाऊजची मापं देत उभी होते.

खुर्चीवर कोण बसलं होतं ते मला आठवलं. पासवर्ड कोणाचं नाव होतं तेही आठवलं.

बाहेर रस्त्यावरून एक एसटी गेली, दुकानाच्या काचा हादरल्या, आणि तेवढ्यात मालक गिऱ्हाइकांना सांगत होता, "पोरीच्या लग्नाच्या नादात बाई भैताड झाली. सोताच छापते, सोताच खोडते, अन् सोताच भांडाले येते." सगळे हसले. मी म्हटलं, "हो. मीच केलं. दोन्ही वेळा मीच केलं." पुढचं भांडण मालकानं मनात रचून ठेवलं होतं, ते वाया गेलं. मग त्यानं माझं लॉगिन तिथल्या तिथं बंद केलं. सेटिंगला हात लावायचा नाही, नुसतं टाइप करायचं. देऊळघाटच्या माणसाला परत छापून देतो म्हणाला. तो माणूस जुना गठ्ठा काउंटरवर फेकून वळला. पायरीवरची बाई त्याच्या मागं चालू लागली तेव्हा मला दिसलं, तिनं एक पत्रिका पदराखाली धरली होती.

घरी जाऊन मी पोरीला सरळ विचारलं, "कोणी सांगितलं तुला? काकानं? का तुझ्या सासूचा फोन आला?"

"कोणी नाही."

"मंग?"

"मलाच नको होतं."

मी बसले. ती उभीच होती. भांडायची तयारी तिनं आधीच करून ठेवली होती, कारण तिचं सगळं बोलणं एका दमात आलं. "तिकडे ती पत्रिका घरोघर जाईल, आई. कै. वाचलं की लोक हळहळतात. विनीत म्हणून काका वाचला की बरं वाटतं, पोरीला मागं घर आहे. पण वर-खाली नुसतं तुझंच नाव वाचलं की विचारतात, ही बाई एकटी बुलढाण्याला कशी राहिली, कोणाच्या आधारानं राहिली. मी ऐकलंय ते. कॉलेजात ऐकलं, आपल्या गल्लीत ऐकलं. सासरी नाही ऐकायचं मला."

"माझ्याबद्दल? आणि तू ऐकून घेतलंस?"

"तू पण ऐकून घेतेस ना मालकाचं रोज? दुसऱ्यांच्या आयांच्या ओळी तू रोज लपवतेस की. तेव्हा जेवण जातं तुला."

"ते पोटासाठी करते मी. तुझ्याच पोटासाठी केलं."

"मग हे पण माझ्या पोटासाठीच आहे," ती म्हणाली.

असं तोंड तिला कोणी दिलं? मीच दिलं. मालकाला उत्तरं देता देता घरात शिकवलेलं तोंड ते. माझ्या हाताला काही लागलं असतं तर फेकून मारलं असतं. काही लागलं नाही म्हणून मी बोलले, "तुह्यापरिस मले मालक बरा. तो निदान तोंडावर करते." रागात माझी घाटाखालची बोली बाहेर येते. तिच्या डोळ्यांत पाणी येईल असं वाटलं होतं. खरं सांगते, यावं असंच वाटत होतं. आलं नाही. "जेवून घे," म्हणाली आणि ताटं मांडायला गेली. आम्ही जेवलो. वांग्याची भाजी होती, आणि ती चांगली झाली होती, याचाही मला राग आला.

परत छापायला लॉगिन नव्हतं. मालकाच्या पाया पडायला मी तयार नव्हते, आणि खरं म्हणजे आता ती ओळ कोणासाठी छापायची होती? दिराला फोन करून सांगितलं, पत्रिका तयार आहे, तुमचं नाव आहे. तो एवढा खूश झाला की फोनवर त्याला खोकला आला. "मले मालूम व्हतं, वयनी समजदार हाये," म्हणाला. दुसऱ्या दिवशी जीप घेऊन बायकोसकट हजर. जावेनं नवी पैठणी नेसली होती, मान तिचा होता ना आता.

घाटाखाली माझ्या सासरच्या गावात आम्ही घरोघर फिरलो. दीर पुढे, जाऊ त्याच्या बाजूला कुंकवाची कोयरी आणि अक्षता घेऊन, आणि मागं पत्रिकांची पिशवी धरून मी. दीर नाव घ्यायचा, मी त्या घरची पत्रिका काढून जावेच्या हातात द्यायची, ती कुंकू लावून घरातल्या बाईच्या हातात द्यायची. दीर सांगायचा, "आमच्या पोरीचं लग्न हाये, यायलेच पाहिजे बरं." आमच्या पोरीचं! तिला ताप आला की कोणत्या बाजूला झोपते हे त्याला माहीत नाही. बायका मला विचारायच्या, तुम्ही कशा आहात, बुलढाण्याचं पाणी मानवलं का. मी म्हणायची, मानवलं.

गल्लीच्या टोकाला एक म्हातारी राहते. मी नवी नवरी होते तेव्हा पोरगी हिच्याच हातावर जन्मली. वाचता येत नाही तिला, पण पत्रिका हातात आल्या आल्या तिनं नातसुनेला बोलावलं, "वाच वं, समदं वाच." नातसुनेनं गणपतीपासून सुरुवात केली आणि बारक्या पोरांच्या ओळीपर्यंत सगळं वाचलं. म्हातारी कान देऊन ऐकत होती. संपल्यावर तिनं जावेला ओलांडून माझ्याकडे बघितलं.

"तुह्यं नाव कुठं हाये वं, माय?"

दीर खाकरला. जाऊ कोयरीचं झाकण लावू लागली. त्या दोघांना वाटलं, आता ही आमचे वाभाडे काढणार. काढले असते तर म्हातारीनं मलाच साथ दिली असती, सगळी गल्ली जमली असती, आणि बोलता बोलता माझ्या पोरीचं नाव निघालं असतं.

"मीच काढलं, मावशी," मी म्हटलं. "मह्या हातानं."

"काऊन वं? तूच तं वाढवली तिले."

"दुकानाची सेटिंगच तशी हाये."

म्हातारीला काही कळलं नाही, ती माझ्याकडे बघतच राहिली. जाऊ मोकळी होऊन हसली आणि म्हणाली, "आमच्या बाईले कॉम्प्युटरचं लय समजते, मावशी." दिरानं पुढच्या घराचं नाव घेतलं आणि मी पिशवीत हात घालून त्यांची पत्रिका शोधायला लागले.